जुन्या बाथरूमची डागडुजी आणि रंगकाम: फोडाफोडी न करता, कमी खर्चात

ऐंशी-नव्वदच्या दशकात बांधलेल्या सोसायटीतलं बाथरूम न बघताही सांगता येतं. चार फुटांपर्यंत पांढऱ्या नाहीतर फिक्या गुलाबी टाइल्स, त्यांच्यावर एकेकाळी पांढरा असलेला डिस्टेंपर, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी, जमिनीवर शहाबादी किंवा मोझॅक आणि खालून कुजत आलेलं लाकडी दार. ठेकेदाराला बोलावलं की तो आत डोकावतो, भिंतीवर दोनदा टकटक करतो आणि म्हणतो, "सगळं फोडूनच करावं लागेल." मग जो आकडा निघतो तो ऐकून बहुतेक घरांत विषय पुढच्या दिवाळीवर जातो.

फोडल्याशिवाय गत्यंतर नाही अशी बाथरूम असतातच. पण बऱ्याच ठिकाणी टाइल्स घट्ट असतात, उतार बरोबर असतो, आणि खराब झालेले असतात ते फक्त सांधे, वरचा रंग, दार आणि नळ. अशा बाथरूमचं काम आठ-दहा हजारांच्या सामानात होतं, हात चालत असेल तर घरच्या घरी. पुढचा सगळा हिशेब पाच बाय सात फुटांचं, नऊ फूट उंचीचं बाथरूम धरून केला आहे.

आधी पाणी शोधा

रंगाच्या दुकानात जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: भिंतीवरची ओल येते कुठून? ती वरच्या मजल्यावरून येत असेल, भिंतीतल्या पाइपातून येत असेल, किंवा आंघोळीची वाफच थंड भिंतीवर बसत असेल. तिन्हींचे डाग लांबून सारखेच दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे.

ओळखायची पद्धत बिनखर्चाची आहे. डागाच्या जागी पोपडे खरवडून भिंत कोरडी पुसा. फूट-दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तास राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. आत कोरडं आणि बाहेरून ओलं असेल तर दोष वाफेचा, म्हणजे तुमच्याच बाथरूममध्ये हवा न खेळण्याचा.

छताला ओल असेल तर वरच्या घरातल्या बाथरूमची रचना समजून घ्यायला हवी. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो, त्याला गवंडी ‘संकन’ म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर फरशी बसवतात. फरशीचे सांधे उघडले किंवा नाहणी ट्रॅपचा, म्हणजे नाहणीच्या तोंडाखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, जोड सुटला की पाणी या भरावात साठतं आणि आठवडेच्या आठवडे खाली झिरपत राहतं. म्हणून वरचं कुटुंब पंधरा दिवस गावाला गेलं तरी तुमचं छत ओलंच राहतं, आणि परत आल्यावर ते शांतपणे म्हणतात, "आम्ही तर घरातच नव्हतो."

भांडण वाढण्याआधी एक चाचणी दोघांनी मिळून करावी. वरच्या नाहणीला बोळा घट्ट बसवून फरशीवर इंचभर पाणी साठवायचं, त्यात कपड्यांची नीळ घालायची, आणि २४ तास पातळी खाली जाते का ते बघायचं. पातळी उतरली तर सांधे किंवा ट्रॅपचा जोड संशयित. पातळी तशीच राहिली पण छत ओलंच असेल तर नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपाकडे वळायचं. निळसर थेंब खाली आला तर वाद मिटला. मात्र नाही आला म्हणून गळती नाही असं धरू नका, भराव रंग अडवून ठेवू शकतो. हीच चाचणी स्वतःच्या बाथरूमचीही करा. खालच्या घरात काय चाललंय हे आपल्याला बहुधा सर्वांत शेवटी कळतं.

छताचं सिमेंट निघून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर हा लेख तिथे लागू नाही. ते काम स्ट्रक्चरल दुरुस्ती करणाऱ्यांचं आहे. त्यावर पुट्टी भरून रंग लावणं म्हणजे धोका झाकून ठेवणं. पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग लावून ‘सगळं झाकून टाकू’ असं कोणी सुचवलं तर त्यालाही गळती थांबेपर्यंत नकार द्या.

कधी करायचं आणि घरात एकच बाथरूम असेल तर

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. हवेतच इतका दमटपणा असतो की पुट्टी वाळत नाही आणि रंगाखाली ओल कोंडली जाते. पाऊस संपल्यावर भिंतींना महिना-दीड महिना वाळू द्यावं. डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम.

एकच बाथरूम असलेल्या घरात काम सलग करण्याचा हट्ट नको. एका शनिवार-रविवारी खरवडणं आणि धुणं, मग आठवडाभर वाळू देणं, पुढच्या शनिवार-रविवारी सांधे, त्यानंतर पुट्टी आणि रंग. मधल्या दिवसांत बाथरूम वापरता येतं, फक्त कढत पाण्याच्या आंघोळी जरा आवरत्या घ्यायच्या. संडास वेगळा असेल तर निम्मी चिंता तिथेच मिटते.

खरवडणं आणि बुरशी

सुरुवातीला गीझरचा आणि बाथरूमच्या दिव्याचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करा आणि स्विचबोर्डवर प्लास्टिक लावून चिकटपट्टीने बंद करा. आरसा, टॉवेलची दांडी, साबणदाणी काढून ठेवा. त्यांच्याभोवतीने रंगवत बसण्यापेक्षा चार स्क्रू काढणं सोपं.

भिंतीवर तळहात घासून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर खाली डिस्टेंपर किंवा चुना आहे, आणि त्याच्यावर लावलेला कोणताही महाग रंग पापुद्र्यासारखा सुटणार. असा थर पाण्याने भिजवून स्क्रेपरने पूर्ण काढायचा. घट्ट बसलेला रंग काढायची गरज नाही, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत केला की पुरे. गिलावा बोटाने दाबल्यावर भुसभुशीत लागला तर तेवढा तुकडा काढून सिमेंटने पुन्हा भरून घ्या. भिंतीला लोणा लागला असेल तर ती पांढरी पूड आधी कोरड्या ब्रशनेच झाडायची. पाण्याने धुतली की क्षार पुन्हा भिंतीत शिरतात.

दार किंवा भिंतीवर जुना ऑइल पेंट असेल तर जपून. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम भारतात २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. पाणी लावून, ओला पॉलिश पेपर वापरून, तोंडाला मास्क लावून घासा. लहान मुलं आणि गर्भवती बाई असेल तर त्या दिवशी त्यांना दुसऱ्या घरी पाठवा.

आता बुरशी. ती नुसती पुसली तर पुन्हा येते, कारण मुळं गिलाव्यात राहतात. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग असं मिश्रण स्पंजने लावा, पंधरा मिनिटं राहू द्या, ब्रशने घासा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. खिडकी उघडी, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. आणि हे लक्षात ठेवा: ब्लीच लावलेल्या जागी ॲसिड किंवा ॲसिडयुक्त टॉयलेट क्लीनर कधीही टाकायचा नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही कामं करायची असतील तर वेगवेगळ्या दिवशी, मध्ये भरपूर पाण्याने धुऊन.

यानंतर भिंत किमान तीन-चार दिवस वाळू द्या. या टप्प्यावर घाई करणाऱ्याच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात.

टाइल्स आणि सांधे

माझं मत विचाराल तर बजेटमधला पैसा सर्वांत आधी इथे खर्च करावा. रंग सगळ्यांना दिसतो, पण बाथरूम जुनं दिसतं ते पिवळ्या-काळ्या सांध्यांमुळे, आणि गळतं तेही बहुतेक त्यांच्यामुळेच.

साबणाचा चिकट थर गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने निघतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे क्षार मात्र सोड्याने जात नाहीत, तिथे आम्लच लागतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व दोन-तीन चमचे लिटरभर गरम पाण्यात विरघळवून लावा, अर्धा तास ठेवा, घासा. नळाच्या तोंडावरच्या जाळीलाही हाच उपाय. बाजारातलं जळजळीत ॲसिड टाइल्सचे डाग पटकन काढतं हे खरं, पण सांध्यातलं सिमेंट खातं आणि नळांची चकाकी घालवतं. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, त्यांच्यावर तर ॲसिड फसफसतं आणि पृष्ठभाग कायमचा खडबडीत होतो. लिंबूसत्त्वही त्यांच्यावर नको. अशा फरशीला सोडा, कडक ब्रश आणि मनगटातला जोर.

स्वच्छ झालेल्या प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करा. बद्द आवाज आला म्हणजे मागे पोकळी आहे. दोन-चार टाइल्स अशा निघाल्या तर तेवढ्याच बदलून घ्या. जुन्या मापाची टाइल मिळत नसेल तर तीच जागा धरून वेगळ्या रंगाची पट्टी करता येते, मुद्दाम केल्यासारखी दिसते. पण निम्मी भिंत बद्द वाजत असेल तर ठेकेदार बरोबर बोलत होता.

सांधे पूर्वी व्हाइट सिमेंटने भरत असत. ते भुसभुशीत होतं, पाणी पितं. जुन्या करवतीच्या पात्याने किंवा ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला) काढायच्या हत्याराने ते दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढा, ब्रशने धूळ झाडा, कोरडं होऊ द्या. भिंतीच्या वरच्या भागात साधं सिमेंटचं ग्राउट चालेल. फरशीला, भिंतीच्या खालच्या फूटभर भागात आणि नाहणीभोवती इपॉक्सी ग्राउटच वापरा. त्यात राळ, हार्डनर आणि बारीक पूड असे भाग असतात, मिसळल्यावर पाऊण तासाच्या आत वापरून संपवावे लागतात. म्हणून एका वेळी थोडंच कालवा. रबरी पत्तीने सांध्यात दाबून भरा आणि टाइलवर राहिलेलं ओल्या स्पंजने लगेच पुसा. एकदा वाळलं की ते निघता निघत नाही. आठ इंची टाइल्सच्या सगळ्या भिंती आणि फरशीला मिळून साधारण दोन किलो लागतं, फक्त पाण्याच्या भागाला एक किलोत भागतं. भरल्यावर २४ तास पाणी नाही. एकच बाथरूम असेल तर रविवारी आंघोळी आटोपल्यावर भरा आणि सोमवारच्या आंघोळीसाठी शेजाऱ्यांकडे वर्दी लावा.

टाइल्सना रंग द्यायचा का, असं हल्ली बरेच जण विचारतात. दोन भागांचा इपॉक्सी टाइल पेंट मिळतो. चकाकी पॉलिश पेपरने पूर्ण मोडली, तेलकटपणा काढला आणि नंतर बाथरूम काही दिवस कोरडं ठेवलं तर तो बेसिनमागच्या भिंतीवर चांगला टिकतो. बादली आपटते आणि रोज पाणी पडतं अशा जागी, विशेषतः जमिनीवर, त्याच्या नादी लागू नये. टवके उडालेला टाइल पेंट जुन्या गुलाबी टाइलपेक्षा जास्त वाईट दिसतो.

पुट्टी, प्रायमर, रंग

पुट्टी व्हाइट सिमेंटची घ्या. पीओपी म्हणजे जिप्सम, ओल लागली की मऊ पडतं, बाथरूममध्ये त्याला जागा नाही. पाण्याचं प्रमाण पिशवीवर दिलेलं असतं, किलोला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर. पाण्यात पुट्टी टाकत जायचं, उलट केलं तर गुठळ्या होतात. दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती लावू नका, तिची पकड गेलेली असते. पातळ दोन हात, मध्ये पाच-सहा तास. दुसरा हात रात्रभर वाळला की २२० नंबरच्या पेपरने हलकं घासा. भिंत आरशासारखी गुळगुळीत करण्याच्या मागे लागू नका. जाड थर सर्वांत आधी सुटतो.

त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या प्रायमरचा एक हात, आणि मग रंग. इथे रंगारी आणि दुकानदार दोघे तुम्हाला वेगवेगळं सांगतील. जुने रंगारी ऑइल पेंट सुचवतात, कारण तो धुता येतो. पूर्ण कोरड्या भिंतीवर ते ठीक आहे. पण ऑइल पेंट वाफ अडवतो, भिंतीत थोडीही ओल असली की तिथे फोड धरतात, आणि पांढरा असेल तर तो पिवळा पडतो. डिस्टेंपर स्वस्त आहे पण वाफेत टिकत नाही. माझी पसंती बाहेरच्या भिंतींसाठी असलेल्या ॲक्रिलिक इमल्शनला, बुरशीरोधक असं डब्यावर लिहिलेल्या. पाऊस सोसण्यासाठीच तो बनलेला असतो. जरा चमक असलेला घेतला तर पुसायला सोपा. वास दोन दिवस येतो, खिडकी उघडी ठेवायची. भाड्याचं घर असेल आणि खर्च करायचाच नसेल तर उघड्या गिलाव्यावर चुन्याचे दोन हात हा जुना उपायही वाईट नाही. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारपणामुळे बुरशी धरत नाही. टॉवेल घासला तर पांढरा होतो, एवढाच तोटा.

रंग किती आणायचा? चार भिंतींचा घेर २४ फूट, टाइल्सच्या वरची उंची ५ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. दार-खिडकीचे ११-१२ वजा, छताचे ३५ अधिक. झाले साधारण १४३. बाहेरच्या दर्जाचा इमल्शन लिटरला दोन हातांत ५० ते ६० चौरस फूट जातो, म्हणजे तीन लिटर पुरतात. एक लिटरचे तीन डबे आणि चार लिटरचा एक, यांच्या किमती विचारून बघा, फरक कधी कधी नगण्य असतो. मशीनवर रंग मिसळून घेतला की दुकानदार तो परत घेत नाही, म्हणून छटा आधी घरी, बाथरूमच्याच उजेडात पसंत करा. गुलाबी किंवा हिरव्या टाइल्सशी भांडणारा रंग निवडू नका. त्याच छटेचा अगदी फिका, जवळजवळ पांढरा रंग भिंतींना आणि शुद्ध पांढरा छताला, एवढ्यानेच जुन्या टाइल्स ठरवून निवडल्यासारख्या दिसू लागतात.

छत आधी, मग भिंती. कोपरे ब्रशने, बाकी रोलरने. डब्यावर सांगितलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालू नका. रोजंदारीवरचा रंगारी असेल तर रंग मिसळताना जवळ उभे राहा, तीन लिटरचे पाच लिटर व्हायला वेळ लागत नाही. दोन हातांमध्ये किमान चार-सहा तास, दमट हवेत रात्रभर.

दार, पाइप आणि सिलिकॉन

लाकडी दार खालून कुजतं, कारण खालची कड कोणी रंगवलेलीच नसते. दार बिजागऱ्यांतून उतरवा, कुजलेला भाग कोरून लाकडाची पुट्टी भरा आणि खालच्या-वरच्या कडांसकट प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. आतल्या बाजूला खाली फूटभर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला की दार आणखी काही वर्षं निघतं. बोटभर भाग भुगा होऊन हातात येत असेल तर पीव्हीसीचं दार स्वस्त पडेल.

गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचा गंजरोधक प्रायमर आणि वर ऑइल पेंट. पण जोडातून पाणी पाझरत असेल तर रंग नको, प्लंबर बोलवा. टपकणाऱ्या नळाचा वॉशर किंवा आतली कार्ट्रिज बदलून बघा, बहुतेकदा नवीन नळाची गरज नसते.

सिलिकॉन अगदी शेवटी, कारण त्याच्यावर रंग बसत नाही. बेसिन आणि भिंतीची फट, कमोडचा तळ, भिंत-फरशीचा कोपरा, अशा हलणाऱ्या जागी बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढलं नाही तर नवं त्याला धरत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, धार सोडा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच ओढा आणि टेप लगेच काढा. मग दिवसभर कोरडं.

पैसे कुठे घालायचे

शहर आणि कंपनीप्रमाणे आकडे कमीजास्त होतील, पण अंदाज असा: पुट्टी, प्रायमर, रंग, ब्रश-रोलर आणि पेपर मिळून अडीच ते साडेतीन हजार, इपॉक्सी ग्राउट किलोला ५०० ते ८००, सिलिकॉनची नळी २५० ते ४००, दाराचं सामान हजारभर, वॉशर-जाळ्या-अँगल कॉक हजार-दीड हजार. हात तंग असेल तर आरसा, दिवा, शोभेच्या कपाटाला कात्री लावा. एक्झॉस्ट पंख्याला मात्र लावू नका. प्लास्टिकच्या चाचणीत दोष वाफेचा निघाला असेल तर बाराशे ते दोन हजारांचा सहा इंची पंखा बाकी सगळ्या खर्चापेक्षा जास्त उपयोगी आहे. तो आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू राहायला हवा आणि दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर आत हवा येणार कुठून? डक्टमध्ये उघडणाऱ्या खिडकीच्या काचांवर वर्षांची धूळ असेल तर तीही धुऊन घ्या. जमलं तर गीझरच्या वायरिंगला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, आहे का, हे याच वेळी वायरमनकडून तपासून घ्या.

शेवटच्या हातानंतर २४ तास भिंतीवर पाणी नको, आणि दोन-तीन दिवस कढत पाण्याची वाफ नको. पहिला आठवडा भिंत घासून पुसू नका. उरलेला रंग लहान काचेच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि बाटलीवर कंपनी, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा.